लागलेला डोळा

उंदीरमामांच्या खात्यात दुपारी सगळे झोपलेले असत. दुपारी डुलक्या काढणारी खाती जगात कमी नाहीत, पण इथे ते रीतसर होतं. संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरची ही लांबट खोली म्हणजे उंदरांचं घर. खोलीला खिडकी नाही, जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर ओळीने पारदर्शक पेट्या. प्रत्येक पेटीत लाकडाचा भुसा, त्यावर कागदाच्या चिंध्यांचं घरटं आणि घरट्यात एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेली चार-पाच जणांची बिऱ्हाडं. उंदीर रात्रीचा प्राणी, त्यामुळे आपली दुपार ती त्याची मध्यरात्र. हवा खेळवणारं यंत्र एका सुरात गुणगुणत असे आणि त्या सुराखाली शेकडो इवली पोटं वरखाली होत असत. नवा माणूस आत येऊन मोठ्याने बोलू लागला की मामा ओठांवर बोट ठेवत आणि म्हणत, हळू, मंडळी झोपलीत.

मामांचं सगळं आयुष्य या मंडळींची झोप सांभाळण्यात गेलं. पेट्या धुवायच्या, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, कोण व्यालं, कोण मेलं ते बघायचं. जेवणाचा डबा संपला की पालथ्या टबावर बसून तेही पाच मिनिटं भिंतीला टेकत. यंत्राचा सूर हळूहळू लांब जाई, भुशाचा कोरडा वास नाकात भरे आणि मामांचा डोळा लागे. जागे झाले की मात्र त्यांना अपराध्यासारखं वाटे. साहेबांची भीती नव्हती. त्यांना त्या क्षणी घरी बसलेली आई आठवे.

मामांचा एकच डोळा लागे, असं म्हणायला हवं, कारण दुसरा जन्मापासून लागलेलाच होता. उजव्या पापण्यांच्या फटीत वाटाण्याएवढा काळसर ठिपका दिसे. त्या डोळ्याने त्यांनी कधी काही पाहिलं नाही. लांबून बघणाऱ्याला वाटे की हा गृहस्थ आपल्याला डोळा मारतोय. तरुणपणी त्यापायी दोनदा मार खाता खाता वाचले आणि एकदा लग्न जमलं. बायको अजून सांगते, "मला वाटलं, मलाच मारलात. लग्नानंतर कळलं, तुम्ही सगळ्यांनाच मारता." मामा हसत. त्या डोळ्याचं त्यांना खरोखरच काही वाटत नसे. सुईत दोरा ओवायला आणि जिन्याची शेवटची पायरी उतरायला त्रास होई, एवढंच.

वाटायचं ते आईला वाटत असे. मामा पोटात होते, आठवा लागला होता, तेव्हाची गोष्ट. सकाळपासून आईने ढीगभर धुणं धुतलं होतं. दुपारी शेगडीवर दूध ठेवून आजीने, म्हणजे आईच्या सासूने, तिला लक्ष ठेवायला बसवलं. आई भिंतीला टेकली आणि तिचा डोळा लागला. दूध उतू गेलं, पातेलं करपलं, घरभर वास सुटला. त्या दिवशी बोलणी खाण्यावर भागलं. पण पुढे मूल जन्माला आलं, त्याचा उजवा डोळा उघडेना, आणि बघायला जमलेल्या बायकांपुढे आजी म्हणाली, "हिचा डोळा लागला ना शेगडीपाशी, तोच पोराला लागला!"

आजीचं सगळंच तसं, उचलली जीभ लावली टाळ्याला. बायका हसल्या. विनोद म्हणून तो वाईट नव्हता, हीच तर पंचाईत झाली. वाईट विनोद विसरला गेला असता. हा मात्र शब्दात असा चपखल बसला की वर्षभरात त्याचा विनोद राहिला नाही, घरातली माहिती झाली. कुणी विचारलं, पोराच्या डोळ्याला काय झालं, की घरचे सांगत, आईचा डोळा लागला होता. विचारणाराही मान हलवून, अरेरे म्हणून पुढे जाई. हे कसं शक्य आहे असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही, याचा मला आजही राग येतो.

आईने कुणाशी वाद घातला नाही. ती फक्त दुपारची झोपेनाशी झाली. जेवणं उरकली, घर पेंगुळलं, की ती खिडकीपाशी पाठ नसलेलं स्टूल ओढी आणि विणकाम घेऊन ताठ बसे. पाठ असलेल्या खुर्चीवर टेकायला होतं म्हणून तिने मुद्दाम ते स्टूल धरलं होतं. डोळे जड झाले की उठून गार पाण्याचा हबका मारी. आजी गेली, शेगडी गेली, मामांचं लग्न झालं, त्यांची मुलं शिकून लांब नोकरीला गेली, तरी दुपारी आई स्टुलावर. सबंध घराण्याला पुरून उरतील एवढे स्वेटर तिने विणले, आणि कुणी विचारलं तर म्हणे, मला झोपच येत नाही. हे धडधडीत खोटं होतं. विणता विणता तिची मान खाली जाई आणि झटका बसल्यागत वर येई, ते सगळ्यांना दिसत असे.

आता तिचं हृदय थकलं होतं. संध्याकाळपर्यंत पावलं सुजत, चार पावलं चाललं की धाप लागे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की दुपारी दोन तास आडवं पडायचं, पाय उशीवर घेऊन झोपायचं. गोळ्यांइतकंच हे औषध आहे, हे झालं नाही तर मी फार दिवसांची खात्री देत नाही. आईने डॉक्टरांपुढे मान हलवली, घरी आली, जेवली आणि स्टूल ओढलं. मामांच्या बायकोने गोडीत सांगितलं, रागावून सांगितलं, शेवटी स्टूल माळ्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी आई खिडकीचा गज धरून उभी राहिली. त्या दिवशी पावलं इतकी सुजली की बायकोने मुकाट्याने स्टूल खाली काढून दिलं.

त्या रात्री बायको मामांना म्हणाली की कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढंच ते. पण हे मी सांगून उपयोग नाही, मी सून. तुम्ही इतकी वर्षं उंदरांच्या डोळ्यांत डोळे घालून बसता, तिथल्या बाईंना एकदा विचारा तरी.

बाई म्हणजे संस्थेतल्या संशोधक. काळ्या उंदरांची एक जात असते, त्यांच्यात जन्मतःच एखादा डोळा बारीक असणं किंवा मुळीच नसणं पुष्कळदा दिसतं, तेही उजवा डोळा जास्त आणि माद्यांमध्ये जास्त. ते का, हाच बाईंचा अभ्यास. आहे की नाही गंमत? ज्या खोलीत बारीक डोळ्याचे उंदीर जन्मत, त्याच खोलीत बारीक डोळ्याचा माणूस त्यांचा भुसा बदलत होता, आणि बाई नि मामा या दोघांनी मिळून त्याकडे चक्क कानाडोळा केला होता. बाई उंदरांच्या डोळ्यांवर तासभर बोलत, पण मामांशी बोलताना त्यांची नजर मामांच्या कपाळावर असे. मामांना वाटे, आपण विचारलं तर यांना वाटेल की म्हातारपणी याला स्वतःच्या रूपाची काळजी लागली. त्यामुळे तेही गप्प.

दुसऱ्या दिवशी नुकते डोळे उघडलेल्या पिल्लांची तपासणी होती. पिल्लू मानगुटीला धरलं की कातडी ताणली जाऊन सगळ्यांचेच डोळे टपोरे दिसतात, म्हणून मामा त्यांना शर्टाच्या बाहीवर सोडत आणि आपापलं चालू देत. एक मादी पिल्लू बाहीवरून कोपरापर्यंत चढलं आणि थांबलं. डावा डोळा काळ्या मण्यासारखा लखलखीत, उजव्या जागी नुसती फट. बाईंनी ते टिपून घेतलं. मामांच्या तोंडून निघून गेलं, "बाई, हिच्या आईने काय केलं असेल?"

बाई म्हणाल्या, काही नाही.

"काहीतरी केलं असेल. दुपारची झोपली असेल."

बाई हसल्या. "मामा, अहो इथे दुपारच्या सगळ्याच झोपतात!"

मामा हसले नाहीत. बाईंनी वर पाहिलं आणि पहिल्यांदाच, कपाळ सोडून, सरळ त्यांच्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं. पिल्लू कोपरावर मिशा हलवत बसलं होतं. मामांनी मग त्याला ओंजळीत घेतलं आणि दूध, पातेलं, आजी, स्टूल, डॉक्टर, सगळं खाली बघत सांगून टाकलं.

बाईंनी हातातलं काम तसंच ठेवलं आणि त्यांना वर आपल्या खोलीत नेलं. सूक्ष्मदर्शकाला दोन नळ्या होत्या. मामा म्हणाले, एक वाया जाणार. मग त्यांनी डावा डोळा लावला. आत जांभळ्या-गुलाबी रंगाचं एक जग होतं, कुठेही सरळ रेघ नसलेलं. जन्मायच्या फार आधीच्या पिल्लाच्या डोक्याचा तो पातळ काप होता. बाई शेजारून हळूहळू सांगत होत्या. सुरुवातीला डोळा नसतोच. मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकेक फुगवटा येतो आणि तो बाहेर, कातडीच्या दिशेने सरकत जातो. अंधारात चाचपडत गेल्यासारखा. कातडीपर्यंत पोचला, तिला टेकला, की त्या जागची कातडी जाड होते, आत वळते, तिची एक गोळी होऊन सुटी होते. ती गोळी म्हणजे डोळ्याचं भिंग. आणि तो फुगवटा स्वतः वाटीसारखा होऊन तिला आपल्यात घेतो. मामांना वाटी दिसली, वाटीत गोळी दिसली. मग बाईंनी काच बदलली. इथेही वाटी होती, पण गोळी अगदी लहान, आणि एका देठाने अजून कातडीलाच चिकटलेली. ती वेळेत पुरेशी वाढली नाही, सुटीही झाली नाही, आणि भिंगच लहान म्हणून सगळा डोळाच लहान राहिला. मामा बराच वेळ बघत राहिले. आपणही एकदा असेच जांभळे-गुलाबी होतो आणि कुणाच्याही नकळत आपल्यातही काहीतरी असंच सरकत होतं, या विचाराने त्यांना गुंगी आल्यासारखं झालं.

"हे सगळं होतं तेव्हा पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढंही नसतं," बाई म्हणाल्या. "हे एका रक्ताचे उंदीर, एका पेटीतले, खाणंपिणं तेच. तरी एकीचा डोळा बारीक आणि तिच्या बहिणीचा टपोरा. या जातीच्या रक्तात तो कल आहे, पण तो नेमका कुणाच्या वाट्याला येईल हे कुणाच्या हातात नाही."

माणसात कधी आईचं आजारपण असतं, कधी एखादं औषध, कधी रक्तातलंच काही, आणि पुष्कळदा काहीच सापडत नाही, असंही त्यांनी सांगितलं. उगाच धीर द्यायचा म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. "तुमचं कशामुळे झालं ते मला नाही सांगता येणार, मामा. कधी झालं ते मात्र सांगते. दिवस गेलेत की नाही अशी नुसती शंका येते ना बाईला, तेव्हा. आठव्या महिन्यात जगातल्या कुठल्याही झोपेने हे होत नाही."

मामा त्या दिवशी दुपारीच, ते वाक्य तोंडात धरल्यासारखे घरी आले.  घरी येऊन त्यांनी पाय धुतले, आईच्या स्टुलापाशी जमिनीवर बसले आणि नको तिथून सुरुवात केली. म्हणाले, आई, काळ्या उंदरांची एक जात असते.

आईने विणकामातून मान वर न करता विचारलं की आता मला उंदरांच्या पंक्तीला बसवतोस का? मामांची पंचाईत झाली. मग त्यांनी उंदीर सोडले, वाटी सांगितली, गोळी सांगितली, दोन हातांची ओंजळ करून दाखवली. आईच्या सुया चालू होत्या. शेवटी त्यांनी विचारलं की दूध उतू गेलं तेव्हा मी किती महिन्यांचा होतो? आई म्हणाली, आठवा लागला होता, तुला माहीत आहे.

"मग माझा डोळा त्याच्या सहा महिने आधीच तसा झाला होता. तुला दिवस गेलेत हे तुलाही ठाऊक नव्हतं तेव्हा."

सुया थांबल्या. स्वयंपाकघरात बायकोने नळ बंद केला. आई खिडकीबाहेर बघत राहिली. मामांना वाटलं होतं, ती रडेल, हसेल, सुटकेचा श्वास टाकेल. तिने विचारलं, "मग कशाने झालं?"

"कशाने म्हणून नाही सांगता येत. बाईंनाही नाही."

"कशाने नाही, असं कसं? उगाच झालं?" तिचा आवाज चढला. "माझ्याने झालं होतं तेव्हा मला काहीतरी करता येत होतं रे. मला जागं राहता येत होतं. आता मी काय करू?"

मामा याला तयार नव्हते. डोंगर पोखरून आणलेला उंदीर आईने हातात धरून बघितला आणि परत त्यांच्याच मांडीवर ठेवला. बाईंकडे याचं उत्तर असतं तर ते धावत जाऊन घेऊन आले असते. पण हा प्रश्न वाटीचाही नव्हता, गोळीचाही नव्हता. त्यांना आईचा राग आला, आजीचा आला, शेवटी सगळ्यांची फक्त कीव आली. आणि मग त्यांनी, ठरवलेलं काही नसताना, आजवर बायकोलाही न सांगितलेलं सांगितलं.

"आई, मला या डोळ्याचं काही अडलं नाही. मला तुझ्या झोपेचं अडलं. दुपारी शेजारची पोरं आपापल्या आयांच्या कुशीत झोपायची. मी चटईवर एकटा पडून तुझ्या पाठीकडे बघायचो. मला वाटायचं, आज येईल. तू कधी आलीच नाहीस."

आई खिडकीकडे वळली. पायांवरची लोकर तशीच पडून राहिली. संध्याकाळ होईपर्यंत ती स्टुलावरच होती, रात्री नेहमीसारखी जेवली आणि आपल्या खोलीत गेली. मामांना वाटलं, आपण चुकलो, म्हातारीचं होतं नव्हतं तेही काढून घेतलं. रात्रभर त्यांना झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारची जेवणं झाली. आई उठली, खिडकीपाशी गेली, आणि स्टूल न ओढता पडदा ओढला. मग पलंगावरची उशी थोपटून म्हणाली, "ये. पड इथे."

मामा म्हणाले, तू पड, तुला सांगितलंय डॉक्टरांनी. ती म्हणाली, आधी तू. नातवंडं व्हायच्या वयाचा तो माणूस निमूटपणे आडवा झाला. पलंग तोकडा, पाय बाहेर आले. आईने त्यांच्या अंगावर चादर ओढली, कडेला बसली, आणि बऱ्याच वेळाने, थंड पाण्यात उतरावं तशी, एकेक अवयव टेकवत शेजारी आडवी झाली. पायांखाली उशी घ्यायची आठवण मामांनी केली, तिने घेतली. दोघंही छताकडे बघत होते. तिला झोप लागेपर्यंत हलायचं नाही, आपणही झोपायचं नाही, असं मामांनी ठरवलं.

पण पडदा हलत होता. त्याची सावली छतावर पसरे आणि आक्रसे. शेजारी श्वास चालला होता, थोडा अडखळत, पण अगदी जवळ, आणि लोकरीचा, साबणाचा, आईचा म्हणून जो काही वास असतो तो होता. मामांना वाटलं, खोलीच्या भिंती पारदर्शक झाल्यात, कुणीतरी बाहेरून पाय न वाजवता चालतंय, म्हणतंय, हळू, मंडळी झोपलीत. जांभळ्या-गुलाबी अंधारात काहीतरी गोल, उबदार, अंदाजाने पुढे सरकत होतं. ते कुठे टेकलं का, ते बघायच्या आत मामा झोपले.

जाग आली तेव्हा ऊन पडद्यावरून उतरून भिंतीवर गेलं होतं. दारात बायको उभी होती, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्यात आईची गोळी. ती पलंगाकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मामांनी मान वळवली. आई कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपली होती. गोळीची वेळ होऊन गेली होती. बायकोने खुणेने विचारलं, उठवू?

मामांना भीती वाटली. डोळे उघडताच आपण झोपलो होतो हे तिला कळेल, धडपडून उठेल, कुठे काय करपलं ते बघायला धावेल. तो चेहरा त्यांना बघायचा नव्हता. पण गोळी चुकवायची नव्हती. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच हाक मारली. दुसऱ्या हाकेला आईने डोळे उघडले. मामांकडे बघितलं, भिंतीवरच्या उन्हाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कशाला उठवलंस रे?" ती चिडून म्हणाली, गोळी घेतली, दोन घोट पाणी प्यायली आणि परत कूस वळून झोपली.